पहिला पैलू

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. चंदन उगाळायची नव्हे, हिरे घासायची. बिडाची, परातीएवढी. माझ्या अंगाला ऑलिव्हचं तेल आणि हिऱ्याची पूड चोळतात, पट्ट्याने मला गरगर फिरवतात आणि दांडीच्या टोकाला घट्ट बसवलेला खडा वरून अलगद टेकवतात. हिरा ऐकतो तो फक्त हिऱ्याचं. मी आपली मधली.

माझी उमेदीची वर्षं अँटवर्पला, हेनोखमामाच्या कारखान्यात गेली. त्यांचा भाचा फायवेल माझ्याच शेजारी बसून शिकला. पुढे त्याच्या मनाने घेतलं की समुद्रापारच्या, ज्यूंच्या जुन्या देशात जायचं आणि जिथे कुणी हिरा घासलेला नाही तिथे हा धंदा उभा करायचा. मामा पुष्कळ रागावले. मग स्वतःच मला खाली उतरवून त्याच्या हवाली केलं. अट एकच घातली. कच्च्या खड्याची वीण कुठून कुठे जाते ते ओळखून पहिला पैलू कसा पाडायचा, ही विद्या घराबाहेर द्यायची नाही. फायवेलने मामांच्या हातात हात दिला आणि म्हणाला, "मझल." मित्रांनो, हिऱ्यांच्या माणसांत हा एक शब्द उच्चारला की बोलणं संपतं. तो कुणी मागे घेत नाही.

फायवेलच्या बायकोने, फ्रुमाने, मला गाद्यांमध्ये गुंडाळून पेटीत भरलं. बंदरावर साहेबाने विचारलं, हे काय?

"धिरड्यांचा तवा," फ्रुमा म्हणाली.

"एवढा मोठा?"

"नवऱ्याला भूक फार."

आम्ही आलो ते गाव वाळूचं आणि संत्र्यांच्या बागांचं. इथे हिरे घासणार म्हटल्यावर लोक हसले. फायवेलने संत्री भरायची एक पडवी भाड्याने घेतली आणि संत्री कागदात गुंडाळणारी माणसंच कामाला लावली. त्यांच्यात येमेनहून आलेली झोहारा होती. तिच्या हातात संत्रं कधी दबलं नव्हतं. फायवेलने प्रत्येकाला एकेकच काम शिकवलं, कुणाला वरचे पैलू, कुणाला खालचे. पहिला पैलू मात्र तो स्वतः पाडायचा, सगळ्यांकडे पाठ करून. पुढे जगभर लढाई पेटली, संत्र्यांची जहाजं बंद झाली आणि अख्ख्या गावाच्या चुली आमच्या पडवीवर पेटू लागल्या. पाहुणे यायचे, मला हात लावून बघायचे. मला मोठा मान होता.

आणि मग फायवेलचा हात थरथरायला लागला.

हे सगळ्यात आधी मला कळलं. खडा टेकला की माझ्या अंगावर बारीक नागमोडी ओरखडा उठायचा. फायवेल तो बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, सहाण वाकडी झालीय. मला लोहाराकडे नेऊन तासून आणलं. पुन्हा ओरखडा, पुन्हा लोहार. न केलेल्या चुकीपायी माझं अंग झिजत होतं. पण मला बोलता कुठे येतं? झोहाराच्या लक्षात आलं होतं. माझ्यावरच तिचा खडा आरशासारखा उतरायचा. ती गप्प राहिली. एकदाच, मला तेल लावताना, हळूच म्हणाली, "काका, मला एकदा बघू द्या ना." फायवेलने मान हलवली. दिलेला शब्द होता. आणि त्याला मूलबाळ नव्हतं.

कच्चे खडे पुड्यांत साचू लागले. पहिला पैलूच नाही तर पुढच्यांनी घासायचं काय? बाकांवरची माणसं रिकामी बसू लागली.

लढाई संपली, तेव्हा अँटवर्पची बातमी आली. मामांच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. फायवेल कितीतरी दिवस माझ्या कडेवर नुसताच हात ठेवून बसायचा.

ज्यू लोकांत नव्या वर्षाच्या आदल्या सकाळी तीन माणसांसमोर उभं राहून आपल्या शब्दातून सुटका मागता येते. पंडितच लागतात असं नाही, पण काय शब्द दिला आणि आज तो का नको, हे तोंडाने सांगावं लागतं. त्या सकाळी फायवेलने तिघांना पडवीतल्या बाकावर बसवलं. वजनं करणारा गेदाल्या, पट्टे सांभाळणारा म्हातारा सालेम आणि शेजारचा पाववाला योना.

"भट्टीत पाव आहेत," योना म्हणाला.

"जळू देत," गेदाल्या म्हणाला. "रोज कच्चे देतोस, एक दिवस भाजलेले खाऊ."

फायवेल हसला नाही. त्याने मामांना दिलेला शब्द सांगितला. मग उजवा हात पुढे धरला. हात थरथरत होता. त्याने तो लपवला नाही. "सहाण वाकडी नव्हती," तो म्हणाला.

मग सालेमने रीतीप्रमाणे विचारलं, "शब्द देताना पुढचं सगळं ठाऊक असतं, तर हात दिला असतास का, बाबा?"

फायवेलने पुढे धरलेला हात खाली घेतला.

"नसता दिला. मामाचा हात धरला असता आणि त्याला ओढत बोटीवर नेलं असतं. ही सहाण तिथेच टाकली असती."

मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

तिघे एकमेकांकडे बघून एका सुरात म्हणाले, "मोकळा आहेस. मोकळा आहेस. मोकळा आहेस." योना डोळे पुसत भट्टीकडे पळाला.

सण उरकल्यावर फायवेलने झोहाराला माझ्यापाशी बसवलं. तिच्या हातात दांडी दिली आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. "विणीच्या उलट गेलीस तर खडा किंचाळतो. ऐक. वळव. अजून थोडा." मी फिरत होते. खडा आधी ओरडला, मग कुरकुरला, आणि मग एकाएकी मऊ, पाऊस थांबत आल्यासारखा आवाज येऊ लागला. झोहाराने डोळे उघडले. फायवेलने पैलू उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि फक्त म्हणाला, "दुसरा घे."

त्या दिवशी तो उन्हं असतानाच घरी गेला. आजारी पडला की काय म्हणून फ्रुमा घाबरली. त्याने म्हणे तिच्याकडे चहा मागितला आणि कप दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत, सगळा प्यायला.

आता गावात कारखानेच कारखाने आहेत. झोहाराच्या हाताखाली शिकलेल्यांनी आणखी कितीतरी जणांना शिकवलं. नव्या सहाणी आल्या. तासून तासून पातळ झालेली मी आता काकड्यांच्या खारवणाच्या पिंपावर वजन म्हणून पडून आहे. माझं ठीक आहे. मला गंज चढला तरी घासून काढता येईल.

पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा हात थरथरायला लागला असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्या हाताला काय येतं ते विचारा. ते नाही म्हणतील. उद्या पुन्हा विचारा.