मागच्या सीटची एकतीस वर्षं

डेसच्या डोळ्यांत मधोमध डाग धरायला लागले तेव्हा डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. गाडी चालवणं आजपासून बंद. डेस घरी आला आणि शेडमधल्या आपल्या मोठ्या बाईकशेजारी खुर्ची टाकून बसला. तीन महिने झाले तरी बसलेलाच. हाक मारली की जेवायला येई, चार घास खाई, परत खुर्चीत. बाईक-क्लबातल्या दोस्तांनी मागे बसवून न्यायची तयारी दाखवली, तर म्हणाला, मी काय पोतं आहे?

त्याची बायको लॉरेल ऑस्ट्रेलियातल्या वॉल्चा गावच्या शाळेची बस चालवायची. वय एकोणसाठ, आणि गप्प बसणाऱ्यांतली नव्हेच. चांगला हसताखेळता नवरा डोळ्यांदेखत विझत चाललाय, हे तिला बघवेना. तिनं पदर खोचला, म्हणजे वॉल्चाच्या बायका जे काय खोचत असतील ते खोचलं, आणि शेडच्या दारात उभी राहिली. तुझी बाईक मी चालवणार, म्हणाली, आणि तुला मागे बसवून ऑक्सलीच्या घाटानं समुद्रापर्यंत नेणार. सव्वा वर्ष लागेल. तोवर विकायची नाही.

"माझ्या बाईकवर बसेन," डेस म्हणाला. "खेळण्यावर नाही."

झालं, बाई हट्टाला पेटली. तिनं जुनी अडीचशे सीसीची छोटी बाईक घेतली, कारण नव्या माणसाला मोठी चालवायची परवानगीच नसते. आधी शिकाऊ लायसन, त्याचे तीन महिने. मग परीक्षा, आणि पुढं नवशिक्याची लाल 'पी'ची पाटी लावून वर्षभर छोटीच बाईक, तीही एकटीनं. मागे कुणाला बसवायचं नाही. प्रत्येक परीक्षा तिनं पहिल्या शक्य दिवशी दिली, एक दिवस वाया घालवला नाही. थंडीत घाटात कडेला पांढरं दहिवर असायचं, हात बधिर व्हायचे, तरी रविवार चुकला नाही. आणि डेस? तो खुर्चीतच. घरात आल्यावर हल्ली तो चहाचा कप चाचपून शोधायचा. ते बघितलं की लॉरेल आणखीच चिडून सरावाला निघायची.

सप्टेंबरात वर्ष भरलं. पाटी निघाली, मोठी बाईक मोकळी, मागे माणूसही चालेल. सक्तीचा विमा लोकांच्या मोडल्या हाडांपुरता. कुणाच्या गाडीला धडक बसली किंवा आपली बाईक मोडली, तर त्याचा विमा वेगळा. म्हणून तिनं डेसच्या विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या पोरीनं विचारलं, दुचाकीचा अनुभव किती?

"एकतीस वर्षं."

"पुढे बसून की मागे?"

"मागे."

"मग एकच वर्ष धरते हं. एवढ्या मोठ्या गाडीला आम्हाला तीन लागतात."

शाळेची बस मोजता येत नाही का? नाही. दुसऱ्या कंपनीनं हो म्हटलं, पण आकडा असा सांगितला की लॉरेलला फोनवरच हसू आलं. तेवढ्यात आणखी एक छोटी बाईक आली असती.

क्लबातला क्लाइव, जन्मभर उंटावरून शेळ्या हाकत आलेला माणूस, चहा ढोसत म्हणाला की विमा डेसच्या नावावर आहेच, राहू दे तसाच. कोण बघतंय कोण चालवतंय ते?

"आणि पडले तर? काय लिहू कागदावर?" लॉरेल म्हणाली. "डेस चालवत होता? ज्याला समोरचा घोडा दिसत नाही तो?"

क्लाइवनं कप खाली ठेवला आणि विषय बदलला.

आणखी दोन वर्षं थांबायचं? तोवर डेस खुर्चीतून उठायचं विसरून जाईल, हे लॉरेलला पक्कं कळत होतं. तिनं अडीचशेची बाईक शेडसमोर आणून उभी केली आणि त्याचं हेल्मेट त्याच्या मांडीवर ठेवलं. डेसनं मान फिरवली. म्हणाला, ठरलं काय होतं?

"एकतीस वर्षं तुझ्या मागे बसले. बाईक कुठली, कितीची, एकदा तरी विचारलं? तू होतास म्हणून बसले. ऊठ."

डेस बराच वेळ हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिला. मग उठला. एवढा दांडगा माणूस मागे बसल्यावर बाईक कण्हली. हात कुठं ठेवायचे तेच त्याला कळेना, शेवटी त्यानं तिची कंबर धरली. घाटातल्या पहिल्या वळणावर तो ताठ बसला, तशी ती खेकसली, मी झुकले की झुक, मध्ये शहाणपणा नको. तो झुकला. मग सगळा घाट झुकत गेला.

डोंगर उतरल्यावर वस्ती लागली, तिथं तिनं वेग कमी केला.

"लॉरेल," मागून आवाज आला, "डावीकडं ओसरीवर कुणी म्हातारी हात करतेय. आपल्यालाच की काय?"

"आपल्यालाच. वीस वर्षं करतेय. मीही करायचे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू पुढे बघत होतास ना," लॉरेल म्हणाली. पुढे वळण होतं, तिला मान वळवता येत नव्हती. "आता तूच कर."

कमरेवरचा एक हात सुटलेला तिला जाणवला. पुढचं घर येऊन मागे पडलं, तरी डेसनं तो खाली घेतला नाही.