काचेच्या दोन बाजूंना

काच उचलली की बोलायचं नाही, हा त्या दोघा भावांच्या दुकानाचा दंडक. थोरला पुढे, धाकटा मागे. थोरल्याने मान किंचित वळवली की धाकटा थांबणार, दम घेऊन झाला की पुन्हा पाऊल उचलणार. धाकट्याला आपण आतून-बाहेरून ओळखतो, अशी थोरल्याची पक्की समजूत होती. समजुती फुकट मिळतात, त्यामुळे त्याने ती कधी तपासून पाहिली नव्हती.

गेले काही महिने मात्र त्याचं मनगट दगा देऊ लागलं होतं. काम सोडायला हवं, हे कळत होतं. पण सांगायचं कसं? आपण नसलो की धाकटा हातपाय गाळेल, दुकानाला कुलूप लागेल, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

"सांगून टाका हो. भावजी काही लहान नाहीत आता," बायको म्हणाली.

"तू त्याला ओळखतेस की मी?"



त्या दिवशी दातांच्या दवाखान्यात मोठी काच चढवायची होती. जिन्याच्या वळणावर थोरल्याची पकड सुटली. काच कलली. धाकट्याने सगळा भार अंगावर घेतला आणि ती सावकाश भिंतीला टेकवली. दोघांनाही दरदरून घाम फुटला होता.

"माझ्याच्यानं आता होत नाही रे," थोरला म्हणाला. मग घाईघाईने, घरून घोकून आणलेलं, "पण तू घाबरू नकोस. मी गल्ल्यावर बसेन, तुला एकटं..."

"बोललास एकदाचा! मी एक माणूस बघून ठेवलाय, दादा. दणकट आहे. सोमवारपासून येईल."

"कधी बघितलास?"

"गेल्या वर्षीच."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"वाटलं, तू मोडून पडशील."

"मी?" थोरला मोठ्याने हसला. जन्मभर बरोबर राहून भावाने आपल्याला एवढंच ओळखलं, याचं त्याला वाईट वाटलं. हसतच तो पायरीवर टेकला. सोमवारी दुकान उघडेल, काचा जातील-येतील, आणि कुणाचंही काही अडणार नाही, हे तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. त्याला रडू कोसळलं.

धाकट्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. एरवी हा गडी बाहीला तोंड पुसणारा. रुमालाची घडी एकदाही मोडलेली नव्हती, पण खिशात राहून राहून तिच्या कडा मळल्या होत्या.