रिकामा गंधार

चैत्र सरत आला होता. पिंगट, तृणशुष्क पठारावर वारा सैरावैरा धावत होता. पवनचक्क्यांची शुभ्र पाती फिरत होती. त्यांच्या दीर्घ, कृश सावल्या कौलांवरून, अंगणांवरून, माणसांच्या मुखांवरून सरकत होत्या. ठरत नव्हतं काही. थांबत नव्हतं काही.

दौलतराव कणशांच्या काळजातही तसंच.

उभा जन्म भजनात गेलेला हा माणूस. गळा कसला, मधुघट! पण त्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, प्राण राहिला. सूर मात्र परतला तो परक्यासारखा, बिचकत, उंबऱ्याशी घुटमळत. षड्ज लागे. पंचम लागे. मधला गंधार तेवढा हुलकावणी देई. कोमल म्हणावा तर चढलेला, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. पेटीची पट्टी दाबली की तो उघडा पडे. त्यांनी पेटी झाकली. गाणं मिटलं. उरल्या त्या येरझारा, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यांची लेक ऋता पुण्यात बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवी. ती सुट्टीला आली, आणि सांजेला ओसरीवर ॲम्प्लिफायरचं यंत्र जोडून तिनं तारा छेडल्या. मेघगंभीर, धूम्रवर्ण, लोहकठोर नाद उसळला. गोठ्यातली म्हैस दचकली.

दौलतराव थबकले. "ह्यात गंधार कुठाय, पोरी? नुसता सा आन् प. मीठच नाही की!"

"मुद्दामच नाही, आबा. पॉवर कॉर्ड म्हणतात ह्याला. शुद्ध गंधार घातला की नाद उजळतो, कोमल घातला की झाकोळतो. त्यात हे यंत्र नाद इतका तापवतं, की गंधार घुसला तर सगळंच गढूळ. म्हणून सा, प, आणि वरचा सा. बस्स."

"मग हसायचं का रडायचं, ते ठरवायचं कुणी?"

ऋतानं गिटारची खुंटी पिळली. मग वडिलांकडे न बघता हळूच म्हणाली, "गाणाऱ्यानं. ती जागा त्याचीच असते."

ते पाठमोरे झाले. दारापर्यंत गेले. परतले. पुन्हा गेले.

 ऋता छेडत राहिली. षड्ज आणि पंचम, षड्ज आणि पंचम. दोन कातळ, आणि मध्ये मोकळं, निरभ्र, निःशब्द अंतर.

दौलतरावांनी शस्त्रक्रियेपासून गळ्याभोवती गुंडाळलेला मफलर सोडला. श्वास घेतला. आणि त्या अंतरात गंधार आला. भग्न, भ्रमिष्ट, भयभीत. कोमलाकडून शुद्धाकडे, शुद्धाकडून कोमलाकडे. त्याला खोटा ठरवणारं तिथं कुणीच नव्हतं. ते गात राहिले. आवाज फाटला, तरी गात राहिले.

मावळतीच्या कुसुंबी उजेडात त्यांच्या गळ्यावरचा व्रण दिसत होता. कोवळा, तांबूस, सुरागणिक थरथरणारा, सुरागणिक जिवंत.