बाहेरून कडी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याने दोन्ही एकाच वर्षात करायचा सल्ला काही दिला नव्हता. सुंदररावांच्या घरात मात्र दोन्ही एकदमच उभं राहिलं होतं. घर उघड्यावर, सगळ्या गावादेखत. आणि लग्न चोरून, मनिषाच्या फोनमध्ये.

सिरसाळ्याच्या शिवेवर त्यांनी नवं घर काढलं होतं. स्लॅब पडला, गिलावा वाळला, आता फक्त दारं-खिडक्या राहिल्या होत्या. बाकीचं सगळं सुंदररावांनी गुत्तेदाराच्या अंगावर टाकलं होतं, विटा कुठल्या भट्टीच्या हेही विचारलं नव्हतं. पण दारं-खिडक्यांचं नाव निघताच म्हणाले, "हे मी बघनार. ह्यात कुणी नाक खुपसायचं न्हाई." नाक म्हणजे त्यांच्या बायकोचं, वनमालाबाईंचं. मुलगी मनिषा अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स, त्यामुळे घरात दुसरं नाक नव्हतंच.

वनमालाबाईंना स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला हवी होती, सरकती, डासांची जाळी लावलेली. ही मागणी करताना त्यांनी भांडणाची सगळी तयारी ठेवली होती. सुंदरराव म्हणाले, "घे की. मोठी घे." तिथंच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. ह्या माणसाने जन्मात पहिल्या झटक्यात कशालाच हो म्हटलं नव्हतं. लग्नालासुद्धा नाही, असं सासूबाई सांगायच्या.

मग सुग्रीव मिस्त्री दारं घेऊन आला. पुढचं दार सागवानी, आतली फ्लश डोअरची, न्हाणीला फायबरचं. चार-आठ दिवसांत त्याने बरीचशी बसवली आणि शेवटी मागच्या खोलीपाशी आला. ही खोली स्वयंपाकघराच्या पलीकडे, कोपऱ्यात. वनमालाबाई ओट्याच्या फरशीवरचं सिमेंट खरवडत बसल्या होत्या, त्यांना पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"कडी बाहेरून लाव," सुंदरराव सांगत होते. "दनकट बघून. आतून काहीच नको."

"आतून एक साधी तरी लावतो की, मालक. आतून कडी नसली तर खोलीत मानूस निजंल कसा?"

"तुला सांगितलं तेवढं कर बे. अन् खिडकीला ग्रील बारीक चौकोनाचं. हात बाहेर जाया नको."

वनमालाबाईंचा खरवडणारा हात थांबला. संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागची खोली कशाला हो काढली?"

"सामान ठेवायला. ज्वारीची पोती बसतील."

बाईंनी मान डोलावली. पण त्या खोलीला आतून लागूनच संडास काढला होता, वर पंख्याचा हूक सोडला होता. ज्वारीला पंखा एक वेळ लागेल, संडास कशाला लागतो? कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते त्यांना ठाऊक होतं.

मनिषाने दिवाळीला आईला सांगितलं होतं. मुलगा तिच्याच दवाखान्यात, लॅबमध्ये. नाव जीवन. युसूफ वडगावचे ज्ञानोबा गुरुजी, आता निवृत्त झालेले, त्यांचा मुलगा. बौद्ध घरचा. मुलगा निर्व्यसनी, नोकरीवाला, बोलायला मऊ. पण एवढ्या गोष्टी लक्षात ठेवायला गावाला वेळ नसतो. गाव एकच गोष्ट विचारतं, आणि तिचं उत्तर मिळालं की पुढचं ऐकत नाही.

वनमालाबाईंनी धीर करून हे नवऱ्याच्या कानावर घातलं तेव्हा सुंदरराव जेवत होते. ताट असं आपटलं की भिंतीवर आमटी उडाली. "तंगडं तोडीन तिचं," म्हणाले. "घरात कोंडून ठेवीन, पन त्या घरात जाऊ देनार न्हाई." रात्रभर बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी बघतात तर सुंदरराव चहा पिताना म्हणतात, "मनू कधी यायलीय गं? लई दिस झाले पोरगी बघितली न्हाई." आवाजात साखर. वर चेपलेलं ताट हातात घेऊन, "हे कुनी आपटलं?" असं विचारलं. "तुमीच की," बाई म्हणाल्या. त्यावर ते नुसतं ताटाकडे बघत राहिले.

राग आलेला माणूस समजतो. रागावून गोड बोलणारा समजत नाही. पुढच्या पंधरवड्यात बाईंनी पुन्हा विषय काढून बघितला, तर पुन्हा तसाच भडका. शब्दसुद्धा तेच, तंगडं तोडीन आणि कोंडून ठेवीन. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच साखर. बाईंना वाटलं, याने मनात पक्कं ठरवलंय आणि वरवर ताकास तूर लागू देत नाही. तेव्हापासून त्यांनी जीवनचं नाव घरात काढलं नाही.

आता ते कोंडून ठेवणं नुसतं बोलणं राहिलं नव्हतं, त्याला ग्रील बसलं होतं.

त्यात विजयसिंह येऊन गेला. सुंदररावांचा पुतण्या, गळ्यात साखळी, प्रत्येक निवडणुकीत पुढे. मुलींनी कसं राहावं यावर त्याची मतं फार, आणि ती सांगायची हौस त्याहून जास्त. मागच्या खोलीचं ग्रील त्याने दोन्ही हातांनी हलवून बघितलं.

"काका, झकास काम झालं. हत्ती कोंडला तरी सुटायचा न्हाई."

"हत्तीसाठीच हाय," सुंदरराव म्हणाले.

दोघं हसले. आत वनमालाबाईंनी ते ऐकलं.

त्याच आठवड्यात सुंदरराव सकाळी बिजागऱ्या बघायला म्हणून वडवणीला गेले. दुपारी बाईंच्या मोबाईलवर अनोळखी नंबर वाजला.

"सुंदररावांच्या घरून का? मी युसूफ वडगावहून ज्ञानोबा बोलतोय, ताई. तुमचे मालक आमच्या ओट्यावर बसलेत. चहा दिला, घेतला. पण कशाला आलात विचारलं तर काही बोलत नाहीत, नुसते बघतात. मी त्यांच्याच फोनवरून तुमचा नंबर घेतला."

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. पोराच्या बापाच्या ओट्यावर ठाण मांडून बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ह्याहून मोठी धमकी कुठली? "त्यास्नी काही बोलू नका, भाऊ," त्या कशाबशा म्हणाल्या. "उलटून काही बोलू नका."

"नाही हो. सिरसाळ्याच्या गाडीत बसवून देतो," ज्ञानोबा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण शांत ठेवलेला होता, हे बाईंना कळलं. भीती त्या घरातही पोचली होती.

दिवेलागणीला सुंदरराव आले. हात रिकामे.

"कुठं गेलता?"

"वडवणीला. मनासारखं काही मिळालं न्हाई."

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. नवरा खोटं बोलतोय हे माहीत असून त्याला पाणी देणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी त्यांना समजलं. त्यांना त्याचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

रविवारी सकाळी त्यांनी मनिषाला फोन लावला. "मनू, काही दिवस इकडं येऊ नकोस. काही विचारू नको, पन येऊ नको."

"आई, आबांनीच बोलावलंय. दारं बसली, घर बघायला ये म्हणाले. मी गाडीत बसलेय."

फोन ठेवून वनमालाबाई तडक नव्या घराकडे निघाल्या. सुग्रीव पुढच्या दाराला रंधा मारत होता. त्याच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी विचारल्याशिवाय उचलला.

"काकू, काय पायजे? मी करून देतो की."

"तू तुझं काम कर, बाबा."

मागच्या खोलीची कडी नवीकोरी होती, मनगटाएवढी. बाईंना स्क्रू फिरवायची सवय नाही, दोनदा हत्यार निसटून बोटाला लागलं. तरी त्यांनी कोयंड्याचे स्क्रू एकेक करून काढले, मुठीत धरले. शेवटचा तेवढा हलेना. त्यावर सगळा भार देऊन उभ्या असताना मागून आवाज आला.

"काय करायलीस?"

बाई वळल्या. पळायला जागा नव्हती, आणि आता पळायचंही नव्हतं.

"कडी काढायले. माझ्या लेकीला कोंडायला मी खोली हू देनार न्हाई. कुनाला कोंडायचंच असंल तर आदी मला कोंडा. अन् त्या विजयसिंहाला बोलवा, बघू दे त्याला बी."

सुंदरराव एक पाऊल पुढे आले. ओरडतील, हात उगारतील, असं बाईंना वाटलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरला. पण सुंदरराव उंबऱ्यावर खाली बसले, गुडघ्यांना हात लावून, म्हाताऱ्यासारखे.

"मनूला कोंडतो म्हनतीस मी?"

"मग कुनाला?"

"मला."

बाईंना काही कळेना. ते खाली मान घालून बोलत होते.

"तू त्या पोराचं सांगितलेलं मला मागनं कवातरी आठवलं. पन मी ताट आपटलं म्हनं. मला ते आठवतच न्हाई. ताट बघितलं तवा खरं वाटलं. म्हनून बीडला गेलतो डॉक्टरकडं, तुला न सांगता. डोक्याचा फोटो काढला त्येनं. म्हनला, इसरायचं वाढत जानार. गोळ्या हायत, पन वाढत जानार."

"अन् युसूफ वडगावला?"

त्यांनी चमकून वर बघितलं. "तुला कुनी सांगितलं?"

"ज्ञानोबा भाऊंचा फोन आलता."

"होकार द्यायला गेलतो," सुंदरराव म्हणाले. "लई इचार केला मी. पोरगी शहानी हाय, तिनं निवडलं ते वाईट नसंल. माझं डोकं जाग्यावर हाय तवर हातानं लावून द्यावं. अन् ओट्यावर बसलो, त्या मानसानं चहा दिला, अन् सगळं पुसून गेलं. कशाला आलो, कुनाचं घर, काहीच न्हाई. येताना गाडीत आठवलं. तुला काय सांगू? लाज वाटली मला."

वनमालाबाई त्यांच्याशेजारी बसल्या. इतके दिवस ज्या माणसावर डोळा ठेवला त्याचंच दुःख आपल्याला दिसलं नाही, ह्याची त्यांना शरम वाटली. रडू येत होतं, ते त्यांनी येऊ दिलं.

"पन म्हनून कोंडून घ्यायचं?"

"ऐक. हो म्हनलेलं मी इसरतो, पन राग यायचा इसरत न्हाई. त्यो हरखेपेला नवा येतो. तवा हातात ताट होतं. दुसऱ्या येळी कुऱ्हाड असंल, अन् बाजूला विजयसिंह हुभा असंल, मग?" त्यांनी कडीकडे बोट केलं. "लग्नाच्या दिवशी मला हितं घाल अन् कडी लाव. लोकान्ला सांग, ताप आलाय. आतून कडी नको म्हनलो ते त्यासाठीच. आतून लावून घेतली अन् उघडायची कशी तेच इसरलो, तर तुमी दार फोडत बसाल."

"असं नका बोलू."

"बोलू दे, आत्ता आठवतंय तवर. मनूच्या लग्नाला माझं हो हाय. ऐकलं का?"

"ऐकलं."

"उद्या मी न्हाई म्हनलो तर त्यो मी न्हाई. त्याचं ऐकायचं न्हाई."

"बरं," वनमालाबाई म्हणाल्या. मग बाई उठल्या आणि काढलेले स्क्रू एकेक करून परत लावू लागल्या.

पुढच्या बाजूला मनिषाचा आवाज आला. सुंदरराव लगबगीने तिला घ्यायला गेले. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, सागवानी दार दाखवलं, स्वयंपाकघराची खिडकी सरकवून दाखवली. "आईच्या हट्टानं एवढी मोठी केली," म्हणाले. मनिषा हसत होती, पण तिचं लक्ष आईकडे होतं. सकाळच्या फोनचा अर्थ तिला लागत नव्हता. हिंडत हिंडत बापलेक मागच्या खोलीपाशी आले.

सुंदरराव थांबले. दाराकडे बघितलं, मग ग्रीलकडे, मग बायकोच्या हातातल्या हत्याराकडे.

"ही कडी बाहेरून कुनी लावली?"

वनमालाबाई जवळ गेल्या. त्या त्यांच्या चेहऱ्यात मघाचा माणूस शोधू लागल्या. तो कुठंच नव्हता.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच सांगितली लावायला."

"कावून? कुनाला कोंडायचंय?"

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर पदराआड घेतला. सुंदररावांनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, बाई इतके दिवस त्यांच्याकडे बघत होत्या तसंच. मग मनिषाला जवळ ओढून हळू आवाजात, पण बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "आईवर ध्यान ठेव तुज्या. तिच्या मनात काय चाललंय, मला कळंना." आणि सुग्रीवला जाब विचारायला पुढच्या दाराकडे निघून गेले.

मनिषाने त्या कडीला हात लावून बघितला. "आई, आबांनी मला कशाला बोलावलं? ही खोली कुणासाठी आहे?"

"सांगते सगळं," वनमालाबाई म्हणाल्या. राहिलेला स्क्रू त्यांनी पूर्ण आवळला, कडी ओढून पक्की बसल्याची खात्री केली. "आदी जीवनच्या वडलांला फोन लाव. आबानं हो म्हनलंय. माज्यासमोर म्हनलंय."