आमच्या घळीची शीळ

मी एक जुना शीळकरी कस्तुर पक्षी आहे, मित्रांनो. अंग काळंनिळं, खांद्यावर निळी तकाकी. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला ओढ्याची एक अरुंद घळ आहे, तिथे मी राहतो. मी शीळ घातली की नवखा माणूस मागे वळून बघतो. त्याला वाटतं, कुणी गुराखी रमतगमत चालला आहे. या शिळेचा मला फार अभिमान आहे, कारण ती मला अंड्यातून मिळालेली नाही. ती मी शिकलो आहे, आणि शिकताना माझी बरीच फजिती झाली आहे.

माझा जन्म धबधब्याशेजारच्या कपारीत झाला. पंखही फुटले नव्हते, तोच एका पावसाळी दुपारी दरड कोसळली. घरटं गेलं, भावंडं गेली, आईवडील पुन्हा दिसले नाहीत. मी खालच्या भातखाचरातल्या चिखलात फेकला गेलो. तिथे गोजरबाई भाताची आवणी करत, रोपं चिखलात लावत होत्या.

"अगं बया, जीव हाय की यात!" म्हणत त्यांनी मला पदरात उचललं.

"जगायचं न्हाई ते," त्यांचे घरधनी भीमा म्हणाले.

"न्हाई कसं? जगंल."

आणि मी जगलो. गोजरबाईंनी मला गांडुळं भरवली, ओढ्यातले खेकडे ठेचून चारले. पडवीत टांगलेल्या टोपलीत मी वाढलो. आमच्या जातीत पिल्लू लहानपणी जे ऐकतं, तेच पुढे गातं. मी काय ऐकलं? कुकरची शिट्टी, कोंबड्यांचा कलकलाट आणि भीमांच्या मोबाईलची रिंग. ती रिंग मी इतकी हुबेहूब उचलली की भीमा दर वेळी खिशात हात घालत. त्यांच्याकडे जेवायला थांबणारे पर्यटक माझे व्हिडिओ काढत. मीही छाती फुगवून पुन्हा पुन्हा रिंग वाजवत असे.

पंख भरले तेव्हा गोजरबाईंनी मला सोडून दिलं. मी थेट घळीत गेलो. तिथे एका दगडावर शेपटीची दोन पिसं झडलेला एक म्हातारा कस्तुर बसला होता. त्याच्यापुढे मी मोठ्या ऐटीत मोबाईलची रिंग वाजवली. त्यानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि तो उडून गेला. माझ्याच वयाच्या दोन पाखरांनी मला हुसकावून लावलं. संध्याकाळी मी मुकाट पडवीत येऊन बसलो.

गोजरबाईंनी सगळं खाचरातून पाहिलं होतं. "अवो, याला त्याची बोलीच येत न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्यात ऱ्हाऊन मोबाईलची बोली शिकला."

"मग आता?"

"मग काय? साळंत घालायचं त्याला. आन् तुमी त्या मोबाईलचा आवाज बंद करा."

दुसऱ्या दिवसापासून शेतावर जाताना त्या मला टोपलीतून घळीत नेऊ लागल्या. झाकण उघडं ठेवून त्या कामाला जात. भीमांचा मोबाईल मुका झाला. ते फोन उचलत नाहीत म्हणून पाहुणे रागावले, पण भीमांनी आवाज काही सुरू केला नाही.

म्हातारा गायचा. आमच्या घळीची शीळ तीन लांब सुरांनी वर चढते आणि शेवटी एक वळण घेऊन खाली उतरते. पलीकडच्या ओढ्यातल्या कस्तुरांना हे वळण येत नसे. मी आधी नुसता ऐकत राहिलो. हिवाळाभर चोच मिटून पुटपुटत राहिलो. मध्येच ती मेली रिंग घुसायची. म्हातारा कधी रागावला नाही. तो फक्त पुन्हा गायचा.

उन्हाळ्यात तो सुकत गेला. एका सकाळी त्याचा दगड रिकामा होता, दुसऱ्या दिवशीही. घळीतले बाकीचे कस्तुर पाणी आटल्यावर कायमचे निघून गेले होते. पावसाळ्यात दुसऱ्या ओढ्यांवरची जोडपी येतील, पण त्यांच्या पिल्लांनी आमचं वळण ऐकायचं कुणाकडून? मी त्या दगडावर बसलो आणि गायलो. तिन्ही सूर आले. शेवटचं वळणही आलं.

खाली खाचरात पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजणाऱ्या गोजरबाई ताठ उभ्या राहिल्या. "अवो, ऐकलं का?"

"म्हातारा असंल त्यो."

"म्हातारा गेला कवाच. ह्यो आपला हाय!" आणि काजळलेल्या हातानं त्यांनी डोळे पुसले. मी पुन्हा गायलो, आणखी मोठ्यानं.

तेव्हापासून मी किती पिल्लांना शीळ दिली! काही पलीकडच्या ओढ्यांवर राहायला गेली. आता तिथेही आमचं वळण ऐकू येतं. एका ओढ्यावर तर माझ्या शिष्यानं त्यात आपली एक छोटी उडी घातली आहे. मला आधी राग आला. मग चोरून मीही ती घालून पाहिली. छान लागते.

गेल्या पावसाळ्यात धबधब्यापाशी गाड्या आल्या आणि मोठा स्पीकर लागला. कपारीत माझी पिल्लं होती. मी गात होतो, पण माझा मलाच आवाज ऐकू येईना. तेवढ्यात चिखलाच्या हातांनी गोजरबाई वर आल्या.

"दादा, बंद करा ते. हितं साळा भरलीया."

"शाळा? कुठंय?"

त्यांनी कपारीकडे बोट दाखवलं. एका मुलीनं हसत हसत स्पीकर बंद केला. मी गायलो. थोड्या वेळानं कपारीतून बारीक, तुटकं पुटपुटणं आलं.

"अरे, खरंच शिकतंय!" ती मुलगी कुजबुजली.

मित्रांनो, आमच्या घळीत जरूर या. पण जमिनीवर पिल्लू दिसलं की लगेच घरी नेऊ नका. बहुतेक वेळा त्याचे आईवडील जवळच असतात. आणि आवाज बेतानं करा. जंगल पुन्हा लावता येतं, पण गाणारा शेवटचा पक्षी गेला की त्याची शीळ कुठल्याच अंड्यातून बाहेर येत नाही.

काल सकाळी माझ्या धाकट्यानं पहिल्यांदा अख्खी शीळ घातली. मी गायचा थांबलो आणि ऐकत राहिलो.