झिलई चढलेला हँगबोर्ड

मी एक हँगबोर्ड बोलतोय. आता जे सांगणार आहे, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर मला वाळवी लागो.

माझा जन्म ढगांत डोकं खुपसून उभ्या असलेल्या एका कड्यावर झाला. तिथल्या एकुलत्या एका झाडाची मी फांदी. वारा सुटला की गरुडसुद्धा घाबरून मला घट्ट धरायचे. म्हणायचे, तू आहेस म्हणून आम्ही आहोत.

बरं, राहू द्या. वाळवीचं नाव काढलं आणि माझंच मला कसंतरी झालं. मी एका मोडक्या पलंगाची उशाकडची फळी होतो. उंची पाहिली ती तेवढीच. पण इथून पुढचं मात्र खरं धरा.

ज्यांनी हँगबोर्ड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दाराच्या चौकटीवर आडवी आवळलेली जाड फळी, तिला कोरलेल्या खाचा. कडे चढणारी माणसं त्या खाचांत बोटं अडकवून लोंबकळतात आणि बोटांत ताकद आणतात. वरची खाच खोल, सगळी बोटं ऐसपैस मावतील अशी. खालच्या उथळ होत जातात. शेवटची तर इतकी अरुंद की बोटाचं पहिलं पेरही धड टेकत नाही. लोंबकळायचं, उतरायचं, दम खायचा, पुन्हा लोंबकळायचं. बघणारा म्हणतो, यात काय विशेष, वटवाघूळही लटकतं. पण वटवाघळाला नोकरी मिळवायची नसते.

मला लटकणाऱ्या मुलीला मिळवायची होती. कड्यांवर अडकलेल्या माणसांना दोरानं वर काढणारं बचाव पथक असतं ना, त्यात तिला जायचं होतं. पथकाची निवड वर्षातून एकदाच. त्यात एका बारीक कडेला बोटांवर लोंबकळून दाखवावं लागतं. आदल्या वर्षी बाकी सगळ्यात ती पुढे होती, त्या कडेवर मात्र बोटं उघडली आणि ती खाली आली. घरी येऊन म्हणाली, "पाय आहेत, दम आहे, डोकं आहे. बोटंच फितूर झाली."

म्हणून तिनं मला घडवून घेतलं. तिचे बाबा पॉलिशवाले. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. दुकानाच्या कोपऱ्यात मोडक्या पलंगाची फळी होऊन मी पडलो होतो, तिथून तिनं मला उचललं आणि शेजारच्या सुतारकाकांकडे नेलं. काकांनी खाचा कोरल्या, कडांची धार जरा मारली आणि म्हणाले, "पोरी, याला पॉलिश लावू देऊ नकोस हं. कोरडं लाकूडच बोट धरतं. झिलई चढली की हा गेला कामातून."

"ते मला माहितेय, काका. पण बाबांना कोण सांगणार?"

"तू सांग."

"तुम्ही सांगा ना."

"छे! मला त्यांच्यामुळे चार कामं मिळतात."

तर कुणीच सांगितलं नाही. दुकान आणि घर यांच्यामधल्या दारावर मी चढलो. बाबा चष्मा कपाळावर सरकवून मला बघत राहिले. "एक हात मारून देऊ का गं?"

"राहू दे हो बाबा. नंतर बघू."

पॉलिशवाल्याला 'तुमचं पॉलिश नको' म्हणणं म्हणजे गवयाला 'गाऊ नका' म्हणणं. तिचा जीव झाला नाही. आणि बाबांच्या मनात ते 'नंतर' मुरत राहिलं.

तिचा सराव मोठा कडक. सकाळी आधी खोल खाचेवर अंग गरम करायचं, मग बोटं अर्धी दुमडून मधल्या खाचेवर, आणि सगळ्यात शेवटी त्या बारीक कडेवर. जोर वाढला तशी ती पाठीला बाबांची जुनी लोखंडी इस्त्री बांधून लोंबकळायची. बोटांची कातडी जपायची म्हणून तिनं भांडी घासणं सोडलं. आई म्हणायची, "पाण्यानं बोटं मऊ पडतात म्हणे हिची! मी इतकी वर्षं घासतेय, मला नाही कुणी कड्यावर बोलावलं."

"आई, तू ये ना पथकात. तुझ्या आवाजानंच माणसं वर येतील."

मला मजा यायची. दिवसभर गिऱ्हाइकं माझ्याखालून जात. कुणी विचारायचं, "हे काय, टॉवेल वाळत घालायला?" बाबा ओशाळून हसायचे. पॉलिशवाल्याच्या घरात उघडं लाकूड, म्हणजे शिंप्याच्या पोरानं उघडं फिरण्यासारखं. त्यांची नजर दिवसातून कितीदा तरी माझ्याकडे वळायची आणि पडायची.

आणखी एक गोष्ट त्यांना सलत होती. एकदा जेवताना आईला म्हणाले, "दुसऱ्यांचे जीव वाचवायला जगात माझीच पोरगी सापडली का?"

आई म्हणाली, "तिला अडवाल तर ती खिडकीतून उतरून जाईल. उतरायला तर ती शिकलीच आहे."

निवड जवळ आली. मुलगी मित्रमैत्रिणींबरोबर खऱ्या कड्यावर सरावाला गेली, आणि बाबांनी मला उतरवलं.

आता माझ्या लाजेची गोष्ट. त्यांनी आधी बारीक पॉलिश पेपर फिरवला. खाचांत बोट घालून, जिथं पेपर पोचेना तिथं नखानं. मग मलमलच्या फडक्यात कापसाची बोळी, त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख, आणि हात असा फिरायला लागला की काय सांगू! गिऱ्हाइकाचं कपाट पडून राहिलं, टेबल पडून राहिलं. एक पुट वाळलं की दुसरं. मी उजळत गेलो. माझे रेषारेषांचे जुने पट्टे मधासारखे वर आले. शेवटी माझ्यात बाबांचं तोंड दिसायला लागलं आणि त्या तोंडावरचा आनंद मी त्यांच्या कुठल्याच कामात पाहिला नव्हता.

मला ठाऊक होतं. सुतारकाका बोलले तेव्हा मी तिथंच त्यांच्या शिकंज्यात होतो. तरी मला काय वाटत होतं, सांगू? आणखी एक हात मारा. जन्मभर उशाशी राहिलेल्या, डोक्याच्या तेलानं मळलेल्या फळीला कुणी असं नटवलं तर ती नाही म्हणेल?

मुलगी परत आली. बाबा दारातच उभे, हात पाठीमागे. आईलाही त्यांनी बोलावून आणलं होतं.

"वर बघ."

तिनं वर बघितलं. तिचा चेहरा एका क्षणात पडला आणि दुसऱ्या क्षणात तिनं तो उचलून परत जागेवर ठेवला. पहिला क्षण फक्त मी पाहिला.

"बाबा! केवढं सुंदर केलंत."

"तू म्हणाली होतीस ना नंतर बघू. म्हटलं, निवडीआधी होऊन जाऊ दे. आता लटकून दाखव की!"

"आत्ताच आलेय हो. हातपाय धुते आधी."

"अगं, एकदाच. मला बघू दे."

तिनं बोटांना घाम टिपणारी पांढरी पावडर चोळली, नेहमीपेक्षा जास्त. खोल खाच धरली. ती धरता आली. बाबांनी टाळी वाजवली. "आता ती खालची. बारीक."

ती नाही म्हणू शकली असती. आई मागून म्हणालीही, "दमलीये ती." पण बाबांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. तिनं बारीक कड धरली, पाय उचलले.

मी धरायचा प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण गुळगुळीत अंगानं काय धरणार? तिची बोटं एकेक करून सुटत गेली आणि सगळं वजन क्षणभर एका अनामिकेवर आलं. टक् असा बारीक आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. ती खाली उभी राहिली. पडली नाही, ओरडली नाही. हात मुठीत लपवला.

"काय झालं?"

"काही नाही. हात घामेजलाय."

"पावडर कमी लावलीस," बाबा म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

माणसाला लाज वाटली की तो तोंड लपवतो, खोलीत जाऊन बसतो. मी चौकटीवर स्क्रूनं आवळलेला, वर चकाकणारा. दुपारचं ऊन यायचं तेव्हा तर अख्ख्या दुकानात माझीच तिरीप फिरायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "वा! काय फिनिश आहे!"

मुलगी डाव्या हातानं चहा प्यायला लागली तेव्हा आईच्या लक्षात आलं. तिनं बोट बघितलं, सुजून गाजर झालेलं, आणि तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की बोटातली शीर हाडाशी धरून ठेवणारा जो पट्टा असतो, तो दुखावलाय. आधी विश्रांती, मग हळूहळू भार. निवड तोंडावर आली होती.

आई दुकानात आली. बाबा एका खुर्चीच्या हातावर बोळी फिरवत होते. तिनं सगळं सांगितलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "अहो, मुद्दाम नाही ना केलंत?"

बोळी थांबली. बाबांना ती उचलायचंही भान राहिलं नाही. मग म्हणाले, "नाही गं. पण तू विचारलंस आणि मी मनात शोधायला लागलो."

बोळी थांबली होती तिथं खुर्चीच्या हातावर डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत उतरवलं. या वेळी जाड, खरबरीत पेपर. आयुष्यभर ज्या हातानं चमक आणली, तोच हात चमक खरवडत होता. पिवळी भुकटी त्यांच्या भुवयांवर बसली. सुतारकाका डोकावले. "अहो, एवढं झकास काम खरवडताय?"

"गिऱ्हाईक नाराज आहे."

"कोण गिऱ्हाईक?"

बाबा पेपर घासत राहिले. काका पायरीवर टेकले आणि म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." बाबा म्हणाले, "तिनंही नाही सांगितलं. मी इतका वाईट आहे का हो, की मला नको म्हणायला माणसं घाबरतात?"

"वाईट नाही," काका म्हणाले, "हौशी आहात."

मग बाबा आत गेले. मुलीचा पट्टी बांधलेला हात हातात घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. तुझ्या वाटेवर मी तेल ओतलं. मला माफ कर." ती त्यांच्या गळ्यात पडली. आईनं पदरानं डोळे टिपले. असा तो सोहळा झाला.

निवडीला ती गेली, बोटाला पट्टी बांधून. पथकाचे प्रमुख म्हणाले, "दुखऱ्या बोटावर मी कुणाचा जीव टांगत नाही. पुढच्या वर्षी बरी होऊन ये." ती परत आली, बूट काढले आणि आईच्या हातातली घासणी घेऊन भांडी घासायला बसली. आईनं घासणी काढून घेतली.

आता तिचं बोट बरं होतंय. माझ्याशेजारी बाबांनी एक कप्पी बसवलीय. दोरीच्या एका टोकाला वाळू भरलेला पॉलिशचा डबा, दुसरं टोक मुलीच्या कमरेला, म्हणजे बोटांवर तेवढा भार कमी. पाय अजून स्टुलावर. ती खोल खाचेवर अलगद लोंबकळते, आणि आठवड्या-आठवड्यानं बाबा डब्यातली वाळू थोडी कमी करतात. वर्ष फुकट गेलं ते गेलंच. ते मला भरून देता येत नाही. तुमच्या घरात कुणी मायेनं नको ते करायला निघालं, तर तेव्हाच नको म्हणा. त्याला वाईट वाटेल, पण फक्त वाईट वाटेल.

आणि जाताना एक कबूल करतो. माफीचा भाग मी रचला. गळा, पदर, सगळं. बाबांना इतकं लाजलेलं नुसतं सोडून देववेना मला.

झालं ते असं. खरवडून झाल्यावर बाबांनी मला चौकटीवर आवळलं. दुकानात कुणी नव्हतं. पेपर कितीही फिरवला तरी त्यांना खात्री वाटेना, मी धरतो की नाही. त्यांनी स्टूल घेतलं, खाचेत बोटं घातली आणि पाय उचलले. पोट सुटलेलं, खांदे कानांपर्यंत चढलेले, तोंड लालबुंद. मी जीव खाऊन धरलं.

तेवढ्यात आतून मुलगी आली आणि दाराशी थांबली. बाबांनी तिला पाहिलं. सोडवेना, लटकवेना.

ती हसली नाही.

"खांदे खाली ओढा, बाबा," ती म्हणाली. "आणि श्वास घ्या."