सशाच्या सिनेमाची धास्ती

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. काळी, कोपऱ्यावर टवका उडालेली, चिकटपट्टीने गुंडाळलेली. मित्रांनो, मला घाबरट म्हणून हसू नका हं. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचीही बोबडी वळली असती!

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते क्युबातलं आमचं होल्गिन आणि ओस्मेलदादाची करकरणारी सायकल. इंटरनेटच्या भरवशावर बसलं तर इथे सिनेमाचं नावसुद्धा उतरत नाही. म्हणून दर आठवड्याला ओस्मेलदादा माझ्या पोटात सिनेमे, मालिका, गाणी ठासतो आणि मला घरोघरी नेऊन ते उतरवून देतो. या ऐवजाला सगळे ‘पाकीट’ म्हणतात. रविवारी दुपारी मी एवारिस्तोआजोबांकडे असते. मला टीव्हीला जोडलं की शेजारची झोरायदामावशी आपली खुर्ची डोक्यावर घेऊन हजर! काय कौतुक व्हायचं माझं!

पण एकदा माझ्यातलंच काहीतरी भयंकर आजोबांच्या धाकट्या नातीने, सहा वर्षांच्या लेयानिसने पाहिलं. तेव्हापासून ती टीव्हीच्या खोलीत पाऊल टाकेना. थोरली बहीण यारेमिस हिचा हात धरल्याशिवाय झोपेना. माझ्याकडे तर बघायचीसुद्धा नाही. मला फार लागलं ते.

आणि त्या रविवारी ती आली! आजोबांच्या मांडीवर बसून म्हणाली, “सशाचा लावा.”

मी गारठले. तो सिनेमा ‘मुलांसाठी’ या कप्प्यात होता खरा. पण तो मोठ्यांचा भयपट होता, त्यात पुढे काय आहे हे मला ठाऊक होतं. सुरुवातीला गाणं, गाजरं, पावसात नाचणारा ससा. लेयानिस टाळ्या पिटत होती. आणि ते येत होतं. जवळ येत होतं. ओरडायला मला तोंड कुठलं? मी तापले, थरथरले, आतून टक् टक् वाजू लागले. चित्र अडखळलं.

“थांबवा गं,” आजोबा म्हणाले. “बिचारी धापा टाकतेय.”

“तुझ्यावरच गेलीय, एवारिस्तो!” झोरायदामावशी म्हणाली. “जिना चढून आली वाटतं!”

सगळे हसत अंगणात कॉफी प्यायला आणि तळलेली केळी खायला गेले. यारेमिस मागे राहिली. फाईल खराब आहे का ते बघायला तिने आवाज बंद केला आणि सिनेमा पुढे ढकलला.

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं. मग झटकन बटण बंद केलं.

तेवढ्यात अंगणातलं तळलेलं केळं खात ओस्मेलदादा मला न्यायला आला.

“दादा, हा तू बघितलास?”

“मला कुठला वेळ, बाई? कार्टूनचा आहे ना, मग मुलांचाच! मोठी माणसं काय चित्रं बघतात?”

“मग बस इथे. बघ.”

त्याने बघितलं. हातातलं केळं तसंच राहिलं. “यारेमिस,” तो म्हणाला, “सकाळपासून मी हा घरोघरी उतरवून देत सुटलोय गं.” मला तिथेच टाकून तो सायकलकडे धावला.

लेयानिस आजोबांचा हात धरून आत आली. “सशाचं पुढे काय झालं?”

यारेमिसचा चेहरा पाहून आजोबा समजले. खुर्ची ओढत म्हणाले, “पुढे? ससा भिजून घरी गेला. आईने कान पिळला आणि काळा घेवडा न् भात वाढला.”

“ससा घेवडा खातो होय?”

“क्युबातला ससा आहे तो. मिळेल ते खातो!”

लेयानिस खदाखदा हसली. त्याच खोलीत, माझ्या शेजारी बसून!

पण मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. ओस्मेलदादा सगळ्या घरी वेळेत पोचला का, ते मला कुणी सांगितलं नाही. कुठल्या तरी दारामागे एखादं मूल टाळ्या पिटत असेल आणि पुढचं दृश्य येत असेल, असं वाटून मी अजून टकटकते. म्हणून हात नसूनही हात जोडते. घरातल्या मोठ्या माणसांनो, सिनेमा आधी तुम्ही शेवटपर्यंत बघा. मगच लहानांना मांडीवर घ्या.